काठीला टेकून केलेली उपासना

शास्त्राभ्यास
वाचनभाग : उत्पत्ती 47:28 ते 50:21, इब्री लोकांस पत्र 11:13-22



मरणाविषयीचे वचन आपण बहुधा कबरस्थानात उभे राहून ऐकतो. त्या वेळी मन दुःखाने भरलेले असते, पुष्कळ कामे अंगावर असतात, आणि पाळकसाहेब काय बोलले यातले थोडेच लक्षात राहते. म्हणून हा विषय घरात सर्व ठीक असताना, शांतपणे, पवित्र शास्त्र उघडून अभ्यासावा हे बरे. या अंकात आपण याकोबाचे शेवटचे दिवस पाहणार आहोत. अभ्यासाला बसण्यापूर्वी वरील वाचनभाग घरात मोठ्याने वाचावा अशी विनंती आहे.

याकोबच का? इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय विश्वासाने जगलेल्या लोकांची यादी देतो. याकोबाच्या आयुष्यातून लेखकाला कितीतरी प्रसंग निवडता आले असते. बेथेल येथे दिसलेली शिडी, यब्बोकच्या काठी रात्रभर चाललेली झुंज, एसावाची भेट. हे सर्व बाजूला ठेवून त्याने एकच गोष्ट निवडली : मरतेवेळी याकोबाने योसेफाच्या दोन्ही मुलांना आशीर्वाद दिला आणि काठीला टेकून देवाला नमन केले (11:21). त्याच्या मागच्या आणि पुढच्या वचनांत इसहाक पुढच्या पिढीला आशीर्वाद देतो आणि योसेफ आपल्या अस्थींविषयी आज्ञा देतो. तिन्ही वचनांत नजर आपल्या पश्चात येणाऱ्या दिवसांकडे आहे. जगाच्या दृष्टीने म्हातारा, आजारी माणूस आता काही कामाचा नसतो. शास्त्र मात्र याकोबाच्या विश्वासाचे काम म्हणून नेमके खाटेवरचेच काम दाखवते. आजच्या अभ्यासाचा मुद्दा हाच आहे : शेवटचे दिवस हेही देवाने सोपवलेले एक काम आहे, आणि ते करायला लागणारी कृपा तोच देतो.

1. फारोपुढचा याकोब आणि खाटेवरचा याकोब

याकोब मिसरात आला तेव्हा 130 वर्षांचा होता. फारोने वय विचारले, तेव्हा त्याचे उत्तर कडवट होते. आपले दिवस थोडे आणि कष्टाचे गेले, वाडवडिलांच्या आयुष्याची बरोबरी आपल्याला करता आली नाही, असे तो म्हणाला (47:9). त्याला दोष कसा द्यावा? भावाच्या भीतीने तो घर सोडून पळाला. वीस वर्षे लाबानाच्या घरी राबला. आवडती पत्नी वाटेत बाळंतपणात गेली. मुलांनी रक्ताने माखलेला झगा आणून दाखवला आणि तो कित्येक वर्षे योसेफासाठी शोक करीत राहिला. पुढे बन्यामीनालाही नेण्याची गोष्ट निघाली, तेव्हा सारे आपल्याच जिवावर उठले आहे, असे तो बोलून गेला (42:36).

या उत्तरानंतर देवाने त्याला आणखी 17 वर्षे दिली. योसेफ विकला गेला तेव्हा 17 वर्षांचा होता (37:2). जितकी वर्षे मुलगा बापाजवळ वाढला, तितकीच वर्षे बाप मुलाजवळ म्हातारा झाला. आणि 147 व्या वर्षी हाच याकोब खाटेवर उठून बसतो, तेव्हा त्याची भाषा बदललेली असते. देवाने जन्मभर मेंढपाळासारखे आपल्याला सांभाळले, सर्व अरिष्टांतून सोडवले, असे तो सांगतो (48:15-16). घडलेल्या गोष्टी त्याच आहेत. राहेल परत आलेली नाही, पायाचे लंगडणे गेल्याचेही कोठे लिहिलेले नाही. पण त्याच वाटेवर आपल्या पुढे कोण चालत होता, हे आता त्याला दिसले आहे.

म्हातारपणी मन कडू होणे स्वाभाविक आहे. आपल्या घरातील वडीलधारे सतत तक्रार करतात म्हणून त्यांचा विश्वास कमी झाला असे कोणी समजू नये. फारोपुढच्या याकोबाला देवाने टाकून दिले नाही. त्याला 17 वर्षांचा वेळ दिला. आपणही आपल्या माणसांना वेळ द्यावा.

2. तो मरणाचे नाव घेतो

या अध्यायांत याकोब आपल्या मरणाविषयी स्वतःच्या तोंडाने बोलतो, आणि तेही पुन्हा पुन्हा : योसेफाला बोलावून (47:29-30), नातवांना आशीर्वाद दिल्यावर (48:21), आणि सर्व मुलांना आज्ञा देताना (49:29). घरात कोणी त्याला गप्प करीत नाही. “आबा, असे अभद्र बोलू नका” असे योसेफ म्हणत नाही. तो ऐकतो आणि मागितलेले वचन देतो.

आपल्याकडे बहुतेक घरांत उलट घडते. डॉक्टरांचे निदान हाती आले की पहिले वाक्य असते, “त्यांना सांगू नका, खचतील.” मग मुलगा बापाशी खोटे बोलतो आणि बापाला शरीरावरून सर्व कळत असूनही तो मुलासाठी न कळल्याचे सोंग घेतो. दोघेही एकाच खोलीत एकटे पडतात. ज्याला बोलायचे होते त्याचे बोलणे राहून जाते. निदान सांगण्याची घाई करावी, असा याचा अर्थ नाही. रुग्णाने विचारले तर खरे सांगावे, प्रेमाने सांगावे, आणि सांगून लगेच उठून जाऊ नये. तिथेच बसावे.

याच ठिकाणी मंडळीनेही सावध राहायला हवे. आजाऱ्यासाठी प्रार्थना करणे ही आपल्याला दिलेली आज्ञा आहे (याकोब 5:14-15). देव बरे करतो. हिज्कीयाला त्याने 15 वर्षे वाढवून दिली (2 राजे 20:6). पण पौलाच्या शरीरातला काटा तीनदा विनंती करूनही काढला नाही (2 करिंथ 12:7-9). दोघेही देवाचेच होते. “तुमचा विश्वास पुरेसा असता तर तुम्ही बरे झाला असता” असे शब्द खाटेवरच्या माणसाला ऐकवणे म्हणजे त्याच्या दुखण्यावर अपराधाचे ओझे ठेवणे होय. बरे होण्यासाठी प्रार्थना करावी आणि त्याच प्रार्थनेत जाण्याची वेळ आली असेल तर शांतीही मागावी. असे केल्याने प्रार्थना कमी पडत नाही.

3. तो व्यवस्था सांगतो

याकोबाचे कुटुंब दुष्काळामुळे परमुलखात आलेले होते. मिसरात त्यांची भरभराट झाली, तरी आपल्याला कनानात, वाडवडिलांच्या कबरेत पुरावे, हे त्याने योसेफाकडून शपथ घेऊन ठरवून घेतले. शेवटी सर्व मुलांसमोर त्याने ती जागा पुन्हा सांगितली : मकपेला येथील शेतातली गुहा, अब्राहामाने एफ्रोन हित्तीकडून विकत घेतलेली, तिथे अब्राहाम आणि सारा, इसहाक आणि रिबका यांना पुरले, लेआलाही तिथेच ठेवले (49:29-32). जणू सातबाऱ्याचा उतारा वाचून दाखवावा इतके स्पष्ट. नंतर मुलांना शोधाशोध करावी लागली नाही, वादही झाला नाही.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली विश्वासाची. देवाने देऊ केलेला देश अजून त्यांच्या हाती नव्हता. हाती होती ती फक्त एक कबर. तरी याकोबाने आपला देह त्या वचनाच्या जमिनीत ठेवायला सांगितला. आपली दफनाची रीतही असेच काहीतरी सांगत असते. आपण देह मातीत ठेवतो तो पुनरुत्थानाच्या आशेने, बियाणे पेरावे तसा (1 करिंथ 15:42-44).

दुसरी गोष्ट व्यवहाराची. व्यवस्था लावून ठेवणे म्हणजे अविश्वास नव्हे. ती मागे राहणाऱ्यांवरची प्रीती आहे. आपल्या वाचकांसाठी काही गोष्टी इथे नमूद करतो.

मृत्युपत्र. ते साध्या कागदावरही करता येते. भारतीय उत्तराधिकार अधिनियम 1925 प्रमाणे करणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्यांना किंवा त्यांच्या पती-पत्नीला साक्षीदार करू नये.

उपचारांविषयीची इच्छा. बरे होण्याची आशा उरली नसताना केवळ यंत्रांवर श्वास चालू ठेवावा की नाही, हे माणूस शुद्धीत असतानाच लिहून ठेवू शकतो. याला लिव्हिंग विल म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी त्याला मान्यता दिली आणि जानेवारी 2023 मध्ये त्याची रीत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येते. हे आत्महत्येसारखे आहे का, असा प्रश्न काही विश्वासणाऱ्यांना पडतो. जीव घेणे वेगळे, आणि अटळ मरणाला केवळ लांबवणारा उपचार नाकारणे वेगळे. अन्न, पाणी, स्वच्छता, वेदना कमी करणारे औषध आणि माणसाची सोबत ही मात्र शेवटपर्यंत द्यायचीच असते.

पाड्यावरच्या कुटुंबांसाठी. ज्यांना वनहक्क कायदा 2006 खाली जमिनीचा पट्टा मिळाला आहे, त्यांचा हक्क वारसाने पुढे जातो. तो विकता मात्र येत नाही. विवाहित जोडप्याच्या बाबतीत पट्टा दोघांच्या नावे असतो. घरातला कर्ता गेला आणि कागद कुठे आहेत हे कोणालाच ठाऊक नसले, वारसनोंद राहून गेली, तर विधवेला वर्षानुवर्षे हेलपाटे घालावे लागतात. आपल्या सेवकांनी घरभेटीत एवढे जरी विचारले की “पट्टा कुठे ठेवला आहे, घरात आणखी कोणाला माहीत आहे?”, तरी ती मोठी सेवा होईल.

4. तो मागे वळून पाहतो, आणि दुःखही लपवत नाही

नातवांना जवळ घेण्यापूर्वी याकोब जुन्या गोष्टी सांगतो. लूज येथे देवाने दर्शन दिले, ते आधी. मग एकाएकी राहेल. आपण परतत होतो, एफ्राथ थोडेच दूर राहिले होते, तिथे ती गेली आणि वाटेतच तिला पुरावे लागले (48:7). आशीर्वादाच्या प्रसंगी ही आठवण का निघाली, असा प्रश्न वाचताना पडतो. पण ज्यांनी वृद्धांची सेवा केली आहे त्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही. शेवटी माणूस आपल्या गेलेल्या माणसांची नावे घेतो. राहेलीच्या नातवांना हात लावताना याकोबाला राहेल आठवली.

म्हणजे विश्वासाने मरणे म्हणजे कोरड्या डोळ्यांनी मरणे नव्हे. याकोब गेल्यावर योसेफ बापाच्या तोंडावर पडून रडला (50:1), आणि मिसरातील लोकांनीही 70 दिवस शोक केला. लाजराला आता उठवणार हे ठाऊक असूनही प्रभू येशू त्याच्या कबरेजवळ रडला (योहान 11:35). पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला शोक करू नका असे सांगत नाही. आशा नसलेल्यांसारखा करू नका, असे सांगतो (1 थेस्सल 4:13). अंत्यविधीला रडणाऱ्या बहिणीला “विश्वासणारी असून रडतेस काय?” असे कोणी विचारू नये.

वृद्धांकडून त्यांच्या गोष्टी ऐकणे ही सेवा आहे. त्यांना प्रश्न विचारा : लहानपणी घरी कोण कोण होते? प्रभूची ओळख कशी झाली? सर्वांत कठीण काळ कोणता होता, आणि त्यातून कोणी सांभाळले? एखाद्या नातवाने हे वहीत लिहून घेतले तर त्या घराचे साक्षीपत्र तयार होईल.

5. तो हात ठेवून आशीर्वाद देतो

याकोबाची नजर मंदावली होती (48:10). त्याचा बाप इसहाक याचीही मंदावली होती (27:1). त्या वेळी याच याकोबाने बकरीचे कातडे हाताला गुंडाळून आंधळ्या बापाला फसवले आणि आशीर्वाद चोरला. त्या घराचे दोन तुकडे झाले. आता तोच आंधळा म्हातारा झाला आहे आणि समोर पुन्हा दोन मुले आहेत. तो हात अदलाबदल करून धाकट्यावर उजवा हात ठेवतो. योसेफाला ते रुचत नाही, तो बापाचा हात उचलू पाहतो. पण याकोब जाणूनबुजून तसे करीत असतो. या वेळी चोरी नाही, सोंग नाही. सर्व उघड्यावर, दोन्ही मुलांच्या देखत. ज्या ठिकाणी तो तरुणपणी पडला, त्याच ठिकाणी देवाने त्याला म्हातारपणी उभे केले.

आणि इब्री पत्रातली ती काठी. यार्देन ओलांडून परदेशी निघताना आपल्याजवळ काठीशिवाय काही नव्हते, असे याकोबाने एकदा प्रार्थनेत सांगितले होते (32:10). उत्पत्ती 47:31 मध्ये तो खाटेच्या उशाकडे वाकला असे आहे आणि इब्री पत्रात काठी आहे. हिब्रू लिपीत खाट आणि काठी या दोन शब्दांची अक्षरे एकच आहेत; प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनी ते काठी असे वाचले आणि इब्री पत्राने तेच घेतले. कसेही वाचले तरी चित्र एकच दिसते : उभे राहण्याचे बळ नाही, कशाचा तरी आधार घ्यावा लागतो, आणि तशा स्थितीत माणूस देवाला नमन करतो. मंदिरात गुडघे टेकता येत नाहीत म्हणून घरी पडून असलेली आपली आजी उपासना करत नाही, असे समजू नका.

आशीर्वाद देण्यासाठी फार विद्या लागत नाही. थरथरता हात नातवाच्या डोक्यावर ठेवून, त्याचे नाव घेऊन, देव तुझ्याबरोबर असो एवढे म्हटले तरी पुरे. ते मूल ही गोष्ट साठ वर्षे विसरत नाही. आपल्या घरांतून ही रीत कमी होत चालली आहे. ती पुन्हा सुरू करावी.

6. जे राहून गेले

याकोबाचा शेवट सर्व बाजूंनी व्यवस्थित झाला असे मात्र शास्त्र म्हणत नाही. बाप गेल्यावर योसेफाच्या भावांना भीती वाटली की आता योसेफ सूड घेईल. त्यांनी निरोप पाठवला की वडिलांनी मरण्यापूर्वी तुला क्षमा करायला सांगितले होते (50:15-17). याकोबाने असे सांगितल्याचे आधीच्या अध्यायांत कोठेही नाही. 17 वर्षे सर्वजण एकत्र राहिले, पण त्या खड्ड्याविषयी आणि विक्रीविषयी घरात मोकळे बोलणे झाले नसावे, असे दिसते. योसेफाने भावांना मिसरात दुसऱ्या भेटीत जवळ घेतले होते, तरी त्यांच्या मनातला गुन्हा तसाच राहिला. तो निरोप ऐकून योसेफ रडला.

न बोललेली गोष्ट मरणाऱ्याबरोबर पुरली जात नाही, ती मागे राहणाऱ्यांच्या वाट्याला येते. भावाभावांतला जमिनीचा वाद, सुनेशी तुटलेले बोलणे, दुसऱ्या मंडळीत निघून गेलेला मुलगा. “मी तुला क्षमा केली आहे” आणि “मला क्षमा कर” ही दोन वाक्ये जीभ चालू आहे तोवर बोलून टाकावीत. समोरचा काय उत्तर देतो ते आपल्या हाती नाही.

आणि सर्व व्यवस्था लावूनही काही गोष्टी आपल्या मनासारख्या होत नाहीत. पंडिता रमाबाईंचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. केडगावच्या मुक्ती मिशनचे काम पुढे कन्या मनोरमाबाईंनी चालवावे अशी तयारी झालेली होती. पण 1921 मध्ये मनोरमाबाई आईच्या आधी प्रभूकडे गेल्या. आईवडील, भाऊ, पती यांच्यानंतर हेही दुःख रमाबाईंनी सोसले. प्रकृती ढासळलेली असताना त्या मूळ भाषांतून सोप्या मराठीत चाललेल्या बायबलच्या भाषांतराचे काम करीत राहिल्या आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला. छापलेले संपूर्ण बायबल लोकांच्या हाती आले ते त्यांच्या पश्चात. ज्या हातांत काम सोपवायचे तेच हात आधी गेले, तरी मुक्ती मिशन आजही चालू आहे. आपण वारस नेमतो, पण काम देवाचे असते.

7. ज्यांना अशी वेळ मिळत नाही

हा अभ्यास वाचताना एखाद्याच्या मनात येईल : माझा भाऊ तर अपघातात गेला. माझी आई शेवटचे पंधरा दिवस बेशुद्ध होती. माझे वडील घाबरले, ओरडले. त्यांनी ना आशीर्वाद दिला, ना प्रार्थना केली. मग त्यांचे काय?

प्रियजनहो, चांगला शेवट ही परीक्षा नव्हे की जिच्या गुणांवर तारण ठरेल. वधस्तंभावरच्या त्या चोराजवळ तयारीसाठी काही तासच होते. त्याने कोणाला आशीर्वाद दिला नाही, कशाची व्यवस्था लावली नाही. आपली आठवण ठेवावी एवढीच त्याने प्रभूला विनंती केली आणि त्याच दिवसाचे वचन त्याला मिळाले (लूक 23:42-43). आपण देवाला किती घट्ट धरले यावर शेवट अवलंबून नाही. त्याने आपल्याला धरले आहे, त्यावर तो अवलंबून आहे. आजार मेंदूवर गेला, स्मृती गेली, प्रार्थनेचे शब्द हरवले, तरी तो हात सुटत नाही. मरण असो की जीवन, देवाच्या प्रीतीपासून कशानेही आपल्याला वेगळे करता येणार नाही, अशी खात्री पौल देतो (रोम 8:38-39).

भीतीविषयीही हेच. गेथशेमानेत प्रभूचा जीव व्याकूळ झाला, हा प्याला टळावा अशी त्याने विनंती केली. मग आपल्या एखाद्या बंधूला मरणाची भीती वाटली तर त्याला कोण हिणवणार? पौल मरणाला शत्रूच म्हणतो, पण तो नष्ट होणारा शत्रू आहे असेही सांगतो (1 करिंथ 15:26). याकोबाने जे दुरून पाहिले ते आपल्याला पुनरुत्थित ख्रिस्तामध्ये जवळून दिसले आहे. वधस्तंभावर असतानाही प्रभूने आपल्या आईची सोय लावून दिली (योहान 19:26-27). जो स्वतः मरणातून गेला आणि परत आला, तोच आपल्याबरोबर त्या वाटेवर चालतो.

8. पाड्यावरचे याकोब

दिवाळीनंतर पाडे ओस पडू लागतात. तरुण जोडपी वीटभट्टीवर, ऊसतोडीला, बांधकामावर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि त्यांच्या जोडीला काही नातवंडे. याकोबाचे घराणे दुष्काळापायी सर्वच्या सर्व, सत्तर माणसे, मिसरात गेले (46:27). इथे मात्र घर दोन ठिकाणी फुटते. ज्याच्या उशाशी योसेफ बसायचा तो योसेफ शेकडो किलोमीटरवर विटा थापत असतो. आणि परमुलखात कोणी मजूर दगावला, तर गाडीभाडे परवडत नाही म्हणून देह गावी आणता येत नाही. आपल्या मातीत पुरले जावे ही याकोबाची इच्छा गरिबाचीही असते.

मंडळीने हिंदुस्थानात या बाबतीत यापूर्वीही काम केले आहे. मुंबईत वांद्रे येथे 1986 मध्ये सुरू झालेले शांती अवेदना सदन हे कर्करोगाच्या अंतिम अवस्थेतील रुग्णांसाठी देशातले पहिले सेवागृह. त्यांच्या वेदना कमी करून त्यांना सन्मानाने सांभाळण्याचे काम तिथे चालते. प्रत्येक पाड्यावर असे सदन उभारता येणार नाही. पण जे करता येते ते थोडे नाही. हिवाळा-उन्हाळ्यात एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी करावी. आठवड्यातून एकदा कोणीतरी जाऊन बसावे, अंग पुसून द्यावे, अंथरुणावर पडलेल्याची कूस बदलून जखमा होऊ देऊ नयेत. वेदना असह्य असतील तर “सहन करा” न म्हणता डॉक्टरांकडे न्यावे. अशा वेदनांवर औषधे आहेत. कामावर गेलेल्या मुलाला मोबाइल लावून बापाचा आवाज ऐकवावा. आणि कोणी गेलेच, तर ते घर ख्रिस्ती आहे की नाही हे न विचारता आपण खांदा द्यायला जावे. पाड्यावरचे लोक मरणाच्या घरी एकमेकांना एकटे सोडत नाहीत. त्यांच्याकडून आपल्यालाही शिकण्यासारखे आहे.

या सेवेसाठी देणगी लागते, हे खरे. त्याहून अधिक लागते ती बसायला तयार असलेली माणसे.

चर्चेसाठी प्रश्न

1. फारोपुढे बोलणारा याकोब (47:9) आणि योसेफाला आशीर्वाद देणारा याकोब (48:15-16) यांत कोणता फरक दिसतो? तो कशामुळे झाला असेल?
2. आपल्या घरात मरणाविषयी मोकळे बोलता येते का? नसेल तर का?
3. आज ज्याची क्षमा मागायची किंवा ज्याला क्षमा करायची, अशी कोणती व्यक्ती मनात येते?
4. आपल्या गावात किंवा पाड्यावर एकटे राहणारे वृद्ध कोण आहेत? या महिन्यात त्यांच्याकडे कोण जाईल? नावे ठरवूनच सभा संपवावी.

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, आमचे दिवस तुझ्या हाती आहेत. आम्हांला चालता येते तोवर तुझी सेवा करू दे, आणि चालता येईनासे झाले की टेकून तुला नमन करू दे. आमच्या मनातली कडवट बोलणी तू काढून घे. ज्यांच्याशी बोलायचे राहिले आहे त्यांच्याशी बोलण्याचे धैर्य दे. आज जे खाटेवर आहेत, वेदनेत आहेत, एकटे आहेत, त्यांच्या उशाशी तू बस आणि आम्हांलाही तिथे पाठव. जे घाबरले आहेत त्यांना तुझा हात जाणवू दे. जो आमच्यासाठी मेला आणि पुन्हा उठला त्या येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.